‘चालकाची चूक’ म्हणजे नेमकी कोणती चूक?

सातपूरकर

नमस्कार. हा धागा काढायला मला पाच आठवडे लागले, कारण विषय माझ्या स्वतःच्या अंगावरचा आहे.

पाच आठवड्यांपूर्वी माझ्या गाडीची एका मुलाच्या दुचाकीला धडक बसली. नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या बाजूचा चौक, सकाळचे साडेसात, लख्ख ऊन. मी थांबलो. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं आणि गाडी काढली. तो मुलगा उजवीकडूनच येत होता. एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याचं कॉलरबोन मोडलं. आता तो बरा आहे, झोळी निघाली आहे, त्याच्या घरी माझं जाणंयेणं आहे. त्याच्या आईने मला चहा दिला तेव्हा मला तो घेववत नव्हता.

फिर्यादीत लिहिलं आहे, ‘भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून’. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. मी सुटका मागत नाही. चूक माझीच आहे. पण ती कोणती चूक, हे कुणीच विचारत नाही आणि कुठेच लिहिलं जात नाही.

मी कारखान्यात सुरक्षा विभागात काम करतो. प्रेस या दाबयंत्रावर कुणाच्या बोटाला इजा झाली आणि अहवालात ‘ऑपरेटरची चूक’ एवढंच लिहून फाइल बंद केली, तर तो अहवाल परत येतो. का झालं, आणि ते का झालं, असं पाच वेळा विचारावं लागतं. म्हणूनच आज प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. ऑपरेटर तोच, त्याचं लक्ष तेवढंच, पण बोटं वाचतात.

चुकांचे प्रकार पाडण्याचं मोठं काम इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी केलं. १९९० मध्ये त्यांनी आणि मँचेस्टरमधल्या सहकाऱ्यांनी पन्नास प्रश्नांची एक प्रश्नावली चालकांकडून भरून घेतली. त्यामागची विभागणी मी माझ्या शब्दांत मांडतो.

हातचूक: करायचं होतं एक, हातून किंवा पायातून झालं दुसरं. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला जाणं. बघूनही न दिसणं हेही मी इथेच धरतो.
विसर: इंडिकेटर बंद करायचं राहिलं, कुठल्या गिअरमध्ये आहोत ते डोक्यातून गेलं.
समजचूक: ठरवलं तसंच केलं, पण ठरवलेलंच चुकीचं होतं. ‘ट्रक लांब आहे, ओव्हरटेक होईल.’
नियमभंग: चूक आहे हे माहीत असून केलेलं. राँग साइड, सिग्नल तोडणं, दारू.

पहिल्या तिघांत इरादा नसतो, चौथ्यात असतो. दंडाची भीती फक्त चौथ्याला लागू पडते. मला पन्नास हजार दंड केला असता तरी तो मुलगा मला दिसला नसता.

आता आपल्याकडची नोंद बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. कारणांच्या तक्त्यात अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाइल आणि ‘इतर’ असे रकाने आहेत. बहात्तर टक्क्यांहून जास्त अपघात एकट्या अतिवेगाच्या रकान्यात. ‘इतर’ सोडला तर हे सगळे रकाने नियमभंगाचे आहेत. हातचुकीला, विसराला, समजचुकीला स्वतःची जागाच नाही. माझा अपघातही कुठेतरी ‘अतिवेगात’ मोजला गेला असणार.

तुमचे अनुभव लिहा. तुमची चूक झाली असेल तर तीही लिहा.

---

स्पष्टवक्ता

तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण या असल्या वर्गीकरणाची मला भीती वाटते. माझा भाचा २०१९ मध्ये गेला. समोरून राँग साइडने आलेला टेम्पो, चालक प्यायलेला. तिथे ‘चुकीचे प्रकार’ काय पाडायचे? प्रत्येक आरोपीचा वकील उद्या उठून म्हणेल, साहेब, ही हातचूक आहे. अमेरिकेतसुद्धा ९४ टक्के अपघातांचं कारण चालकच निघालं आहे. रस्ता, खड्डे, खांब ही सगळी नंतरची रडगाणी.

---

सातपूरकर

भाच्याचं वाचून फार वाईट वाटलं. त्या टेम्पोचालकाने केलं त्याला मी चूक म्हणतच नाही. तो नियमभंग, आणि तोही सगळ्यात वाईट जातीचा. प्रकार वेगळे करायचे ते त्याला माझ्या रांगेत उभं करता येऊ नये म्हणूनच. आज आम्ही दोघंही एकाच वाक्याखाली आहोत, ‘हयगयीने व निष्काळजीपणे’. त्याच मँचेस्टरच्या मंडळींनी पुढे १९९५ मध्ये दाखवलं की ज्यांचे अपघात जास्त होतात ते चालक नियमभंगाच्या प्रश्नांवर वर असतात. साध्या विसराचा अपघातांशी तसा संबंध सापडला नाही. म्हणजे तुमचा राग योग्य ठिकाणीच आहे.

९४ टक्क्यांबद्दल मात्र सांगायलाच हवं. तो आकडा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या २०१५ च्या अहवालातला आहे. अपघाताआधीच्या साखळीतली शेवटची कडी कुणाकडे होती, एवढंच त्यात मोजलं आहे. ही गोष्ट अपघाताचं कारण समजू नये किंवा दोष कुणाचा हे ठरवायला वापरू नये, असं त्या अहवालातच लिहिलं आहे. आणि त्या चालकांच्या आकड्याच्या पोटात शिरलं तर सगळ्यात मोठा गट, साधारण ४१ टक्के, वेळेवर न दिसण्याचा किंवा लक्ष नसण्याचा आहे. चुकीच्या निर्णयाचा गट ३३ टक्के. झोप वगैरे ७ टक्के.

---

मुक्कामी गाडी

धागा दोनदा वाचला. मी एसटीत बत्तीस वर्षं चालक होतो, आता घरी आहे. मोबाइलवर नातीकडून टाइप करून घेतोय, सांभाळून घ्या.

सातपूरकर साहेब, तुम्ही म्हणता ते आम्हाला वेगळ्या शब्दांत उस्तादांनी शिकवलं होतं. कसारा घाट उतरताना पहिला धडा हा की ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. नवीन पोरगा काय करतो, वरच्या गिअरमध्ये किंवा थेट न्यूट्रलला टाकून गाडी सोडतो आणि पाय ब्रेकवर ठेवतो. तीन-चार वळणं गाडी ऐकते. मग ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि पाय तळापर्यंत गेला तरी गाडी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं ‘ब्रेक निकामी झाल्याने’. ब्रेक निकामी नव्हते हो, ते निकामी केले गेले. आणि करणाऱ्याला वाटत होतं की आपण डिझेल वाचवतोय. ही तुमची समजचूक. त्याला दंड करून काय शिकेल तो? बाजूला बसवून दोन खेपा घाट उतरवून दाखवावा लागतो.

माझ्या हातून एक मोठी झाली, ती सांगतो. निफाडकडून येत होतो, रात्री नऊचा सुमार. समोरून गाड्या येत होत्या म्हणून डिपरवर होतो, म्हणजे दिव्यांचा झोत खाली पाडलेला. पुढे उसाची ट्रॉली, ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. दिसली तेव्हा हातात काहीच राहिलं नव्हतं. डावीकडे घेतली, तरी कोपरा लागला. पुढच्या सीटवरच्या एका बाईंचा हात गेला. जीव वाचले, पण चौकशीत माझ्या नावापुढे ‘वेगावर नियंत्रण नाही’ असा शेरा आला. वेग साठच होता. त्या रात्री घरी जाऊन मी पहिल्यांदा हिशेब केला की जुन्या बसच्या डिपरचा उजेड जातो तरी किती. जेमतेम चाळीस-पन्नास मीटर.

---

सातपूरकर

काका, तुमच्या हिशेबाला जोड देतो. रस्ते आखताना इंजिनिअर जी मानकं वापरतात, त्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकात ताशी साठच्या वेगाला थांबायचं अंतर ८० मीटर धरलं आहे. ऐंशीला १२०, शंभरला १८०. त्यात समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अडीच सेकंदही धरलेले आहेत. म्हणजे डिपरवर साठने जाणारा आपल्यातला प्रत्येक जण न दिसणाऱ्या अंतरात गाडी पळवत असतो. समोर ट्रॉली नसते म्हणून रोज घरी पोचतो.

मग तुमचा शेरा बरोबर होता की चूक? माझ्या मते अर्धाच होता. वेग उजेडाच्या मानाने जास्त होता हे खरं. पण दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यावर आणणाऱ्याचा नियमभंग त्या कागदावर कुठेच आला नाही.

---

सिडकोची स्कूटी

मी रोज पाथर्डी फाट्यावरून मुंबई नाक्यापर्यंत दुचाकीवर जाते. नियमभंगाचा रकाना तुम्ही एकच केलात, त्यात भर घालते.

उड्डाणपुलाखालच्या सर्व्हिस रोडवर सकाळी उभं राहून बघा. उलट्या दिशेने येणारे सगळे टवाळ पोरं नसतात. डबा घेऊन कंपनीत निघालेली माणसं असतात, मुलाला शाळेत सोडणाऱ्या आया असतात. पलीकडे जायला नीट वळण लांब आहे, म्हणून दोनशे मीटर उलटं जायचं. पहिल्या दिवशी भीती वाटते, महिन्याभराने वाटत नाही. हा रोजच्या सवयीचा नियमभंग आणि रात्री प्यायलेल्याचा नियमभंग एकाच औषधाने जाणार नाहीत. पोलीस उभे राहिले की चार दिवस बंद, ते गेले की पुन्हा सुरू. तिथे पादचाऱ्यांना आणि दुचाकींना ओलांडायची जागा जवळ दिली तर अर्ध्याहून जास्त लोक आपणहून सरळ जातील असं मला मनापासून वाटतं.

आणि त्या प्रश्नावलीबद्दल वाचलं होतं. पुरुष सगळ्या वयांत नियमभंग जास्त कबूल करतात, बायका किरकोळ विसर जास्त कबूल करतात. वय वाढलं की नियमभंग कमी होतात, चुका तशाच राहतात. मला हे ऑफिसमध्ये वाचून दाखवायचं आहे. बाईने इंडिकेटर चालू ठेवला की चौकात सगळे हसतात, आणि कट मारून गेलेल्याला ‘भारी चालवतो’ म्हणतात.

---

पिंपळगावचा बागाईतदार

आमच्या बाजूचंही ऐका. माझ्या दोन पिकअप आहेत. टोमॅटो संध्याकाळी भरला जातो आणि वाशीच्या मार्केटला पहाटे पोचावा लागतो. उशीर झाला की भाव पडतो, तो तोटा माझा. म्हणून चालकाला मी सांगतो, ‘बघ बाबा, चारला लागली पाहिजे.’ तो बिचारा रात्री माल पोचवतो, दुपारी परत येतो, तासभर पडतो आणि संध्याकाळी पुन्हा भरायला उभा. गेल्या हंगामात आमचा एक चालक कसाऱ्याच्या अलीकडे दुभाजकावर चढला. त्याला डुलकी लागली होती. देवाच्या कृपेने त्याला खरचटलं तेवढंच.

मी त्याला रागावलो. हा धागा वाचून रात्री झोप आली नाही. त्याची डुलकी ही त्याची चूक, पण तिसरी रात्र सलग त्याला स्टिअरिंगवर बसवलं कुणी? मी.

---

मुक्कामी गाडी

शेठ, तुम्ही हे लिहिलंत याला मोठं मन लागतं. पहाटे तीन ते पाच ही वेळ चालकाची वैरीण आहे. डोळे उघडे असतात आणि माणूस नसतो. आम्ही तोंडात लवंग धरायचो, खिडकी उघडायचो, गाणी लावायचो. यातलं काही चालत नाही. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं पडणं एवढंच चालतं. तेवढी वीस मिनिटं त्याला तुमच्या वेळेत द्या. पोचायला उशीर का झाला म्हणून विचारू नका.

---

सातपूरकर

रीझन यांनी यालाच दोन थर म्हटलं आहे. समोर दिसते ती माणसाची चूक, आणि तिच्या मागे आधीपासून दबा धरून बसलेली परिस्थिती. त्यांचं उदाहरण असं: चीजच्या चकत्या एकामागे एक उभ्या केल्या, प्रत्येकीला भोकं आहेत. सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. बागाईतदार साहेबांनी त्यांच्या चकतीतलं भोक स्वतः दाखवलं.

---

पंचवटीकर

आपल्या जिल्ह्यातले किंवा आपल्या जिल्ह्यातल्या माणसांचेच अपघात घेऊन बघू.

२८ जानेवारी २०२०, देवळा तालुक्यातला मेशी फाटा. एसटी आणि रिक्षाची टक्कर झाली आणि दोन्ही वाहनं रस्त्याकडेच्या विहिरीत गेली. वीसहून जास्त माणसं गेली. टक्कर कुणाच्या चुकीने झाली हा एक प्रश्न. हमरस्त्याला खेटून उघडी विहीर का होती हा दुसरा, आणि माझ्या मते मोठा. टक्कर तीच राहिली असती आणि विहिरीपुढे मजबूत कठडा असता तर मृतांचा आकडा तोच असता का?

८ ऑक्टोबर २०२२, नांदूर नाक्याजवळचा चौक. यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस, पहाटेची वेळ, अवजड वाहनाशी टक्कर आणि आग. बारा माणसं गेली. तिथे धडक आणि आग हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

१५ ऑक्टोबर २०२३, समृद्धी महामार्ग, वैजापूरजवळ. आपल्या नाशिकचे भाविक घेऊन येणारी गाडी मध्यरात्रीनंतर थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली. पुन्हा बारा. मागून आदळला म्हणजे दोष मागच्याचा, असं आपण डोळे मिटून म्हणतो. पण एकशेवीसच्या रस्त्यावर रात्री ट्रक मधे उभा कसा, हे विचारायलाच हवं.

विल्यम हॅडन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने यासाठी एक तक्ता केला होता. आडवे तीन टप्पे: अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी, अपघातानंतर. उभे घटक: माणूस, वाहन, परिसर. नऊ चौकोन. आपला तपास त्यातल्या एकाच चौकोनात संपतो, ‘आधी’ आणि ‘माणूस’. विहीर, आग, रुग्णवाहिका किती वेळात आली, हे उरलेल्या आठ चौकोनांत आहे.

---

कोर्टकचेरी

फिर्यादीतल्या त्या वाक्याबद्दल सांगते, कारण त्यामागे एक कारण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली पूर्ण भरपाई हवी असेल तर समोरच्याची हयगय सिद्ध करावी लागते. कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख मिळतात, पण कमावता माणूस गेलेल्या घराला तेवढ्यात काय होणार? म्हणून हयगयीचं वाक्य फिर्यादीत सवयीने पडतं आणि जखमीच्या घराला त्याचा आधारही होतो. फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे, आणि मृत्यू झाला तर १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा.

अडचण पुढे होते. शिक्षेसाठी आणि भरपाईसाठी लिहिलेलं वाक्यच अपघाताचं कारण म्हणून मोजलं जातं. दोष ठरवणं आणि कारण शोधणं ही दोन कामं आहेत, ती दोन वेगळ्या कागदांवर व्हायला हवीत. कारणाच्या कागदावरचं उत्तर चालकाविरुद्ध वापरलं जाणार नाही अशी हमी असेल तरच तो खरं बोलेल. विमानांच्या बाबतीत असा वेगळा तपास असतो.

---

दृष्टी

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. सातपूरकर, तुम्ही ‘पाहिलं तरी दिसला नाही’ म्हणता यावर माझा विश्वास आहे, आणि तो का ते सांगते.

हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढ्याच भागात आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतं. बाकी सगळं अंधुक असतं. मान फिरवताना डोळा सलग सरकत नाही, उड्या मारतो. त्या उडीच्या काळात नजर जवळजवळ बंद असते आणि मधली गाळलेली जागा मेंदू स्वतः भरून काढतो. तुम्हाला वाटतं पूर्ण रस्ता पाहिला. प्रत्यक्षात तीन-चार ठिपके पाहिले.

त्यात गाडीचा ए-पिलर, म्हणजे पुढच्या काचेच्या कडेचा खांब. उजवीकडचा खांब चालकाच्या जवळ असतो, म्हणून जास्त झाकतो. दुचाकीसारखी अरुंद वस्तू त्यामागे पूर्ण मावते. आणि तुम्ही पुढे सरकत असताना तीही त्याच प्रमाणात सरकत असेल तर ती खांबामागेच राहते, धडकेपर्यंत. जी वस्तू नजरेत जागा बदलत नाही तिच्याकडे आपलं लक्ष जातही नाही.

उपाय: मान झटकन फिरवू नका. एका बाजूला दोन-तीन ठिकाणी नजर थांबवा. आणि बघताना कमरेतून पुढे-मागे हला, म्हणजे खांबामागचं उघडं होतं.

---

स्पष्टवक्ता

डॉक्टरांचं वाचून आज पार्किंगमध्ये गाडीत बसलो आणि मुलाला समोरून दुचाकी आणायला सांगितली. खांबामागे तो खरंच पूर्ण गेला. हेल्मेटसकट.

माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. पण कोर्टकचेरी यांनी दोन कागदांचं लिहिलं ते पटलं. भाच्याच्या केसमध्ये आम्हाला एकच कागद मिळाला. त्या टेम्पोवाल्याला प्यायलेल्या अवस्थेत किल्ली कुणी दिली, हे त्यावर नव्हतं.

---

सातपूरकर

काल सकाळी साडेसातला मी त्याच चौकात गेलो, तोच मुलगा सोबत होता. त्याची इच्छा होती. तो चालत त्याच रेषेने आला आणि मी गाडीत बसलो, इंजिन बंद.

आधी तो एका शुभेच्छा फलकामागे होता. फलक विजेच्या खांबाला बांधलेला, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, बरोबर माझ्या नजरेच्या उंचीला. फलकामागून निघाला तो थेट माझ्या ए-पिलरमागे. पिलरमागून बाहेर आला तेव्हा बंपरपासून तीन पावलांवर होता. आणि पूर्वेचा सूर्य त्याच बाजूला. आम्ही चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तसंच. पाचव्यांदा मी कमरेतून पुढे झुकलो, तर तो फलकापासूनच दिसायला लागला.

म्हणजे हातचूक माझीच. मी झुकलो नाही. पण फलक बेकायदा लावणाऱ्याचा नियमभंगही तिथे आहे आणि चौकाचे कोपरे मोकळे न ठेवणारी परिस्थितीही आहे. फोटो काढले, गाडीच्या आतून आणि बाहेरून, मोजमापं लिहिली. फलक हटवून कोपऱ्यापासूनचा भाग मोकळा ठेवावा असा अर्ज महापालिकेकडे आज दिला, पोच घेतली. अर्जावर पहिली सही त्या मुलाची आहे.

कुंभमेळा तोंडावर आहे, गाड्या कितीतरी वाढतील. येत्या रविवारी सकाळी सातला मी आणि मुक्कामी गाडी काका आतल्या रस्त्यांवरचे असे कोपरे बघत फिरणार आहोत. दृष्टी मॅडम येते म्हणाल्या आहेत. मोजायला टेप माझ्याकडे आहे, आणखी एक लागेल. कुणाकडे असेल तर घेऊन या.